पात्याची हिरवाई आणि नत्राचा हिशेब

भात, गहू आणि मका ही तृणधान्ये गवताच्या कुळातील असून, कडधान्यांप्रमाणे मुळांवरील गाठींत हवेतील नत्र बांधून घेण्याची सोय त्यांच्यापाशी नाही. जमिनीतील सेंद्रिय पदार्थ कुजताना मोकळे होणारे नत्र, पावसातून व ओलिताच्या पाण्यातून येणारा अल्पसा वाटा, भातखाचरातील नीलहरित शेवाळ व जिवाणू यांनी बांधलेले नत्र आणि शेतकऱ्याने टाकलेले खत, एवढ्यावरच त्यांची भिस्त असते. एक टन भाताचे उत्पादन घेण्यासाठी पिकाला साधारण 15 ते 20 किलो नत्र शोषावे लागते, आणि त्यातील जे जमीन देऊ शकत नाही ते बाहेरून द्यावे लागते. 1913 मध्ये जर्मनीतील ओपाऊ येथे हवेतील नत्रापासून अमोनिया तयार करणारा पहिला मोठा कारखाना सुरू झाला, आणि तेव्हापासून हे बाहेरून देणे सोपे होत गेले. आज भारतात ते मुख्यतः युरियाच्या रूपाने होते. युरियात वजनाच्या 46 टक्के नत्र असते, म्हणजे 45 किलोच्या एका गोणीतून शेतात सुमारे 20.7 किलो नत्र पडते.

परंतु पडलेले सर्व नत्र पिकाच्या मुखी लागत नाही. विल्यम रॉन आणि गॉर्डन जॉन्सन या अमेरिकी कृषिशास्त्रज्ञांनी 1999 मध्ये जगभरच्या तृणधान्यांचा ताळेबंद मांडला, तेव्हा खतातून दिलेल्या नत्रापैकी जेमतेम 33 टक्केच धान्यात उतरते असा त्यांचा निष्कर्ष निघाला. उरलेल्याचा काही भाग पेंढ्यात व जमिनीत राहतो, तर मोठा भाग शेताबाहेर निघून जातो. भातखाचरात फेकलेला युरिया पाण्यात विरघळल्यावर युरिएज नावाच्या विकरामुळे त्याचे अमोनियममध्ये रूपांतर होते; दिवसा पाण्यातील शेवाळ कार्बन डायऑक्साइड शोषून घेत असल्याने पाण्याचा सामू चढतो आणि चढलेल्या सामूत अमोनियमचा अमोनिया वायू होऊन तो हवेत उडून जातो. कोरडवाहू व बागायती जमिनीत अमोनियमचे नायट्रेट बनते, आणि नायट्रेट मातीच्या कणांना धरून राहत नसल्याने ते पाण्याबरोबर मुळांच्या खाली झिरपते. जमीन पाण्याने तुंबून तिच्यातील प्राणवायू संपला, की जिवाणू याच नायट्रेटचे वायूत रूपांतर करतात. या प्रक्रियेला विनत्रीकरण म्हणतात.

या तिन्ही वाटांनी होणारी हानी एका गोष्टीवर अवलंबून असते, ती म्हणजे पिकाला गरज नसताना जमिनीत किती नत्र मोकळे पडून आहे. पुनर्लागवडीनंतर मूळ धरू पाहणाऱ्या रोपाला थोडे नत्र पुरते, फुटवे जोमाने येऊ लागले की मागणी वाढते, लोंबीचा पाया पोटात घातला जात असताना ती पुन्हा महत्त्वाची ठरते, आणि फुलोऱ्यानंतर दाणे भरताना पीक बहुतांशी पानांतील साठवलेले नत्रच दाण्यांकडे वळवते. म्हणून खताची पूर्ण मात्रा एकदम न देता दोन-तीन हप्त्यांत विभागून देण्याची शिफारस सर्वत्र केली जाते. मात्र ठरावीक दिवशी ठरावीक हप्ता देणाऱ्या या शिफारशीत असे गृहीत धरलेले असते की एका विभागातील सर्व शेतांची जमीन सारखेच नत्र पुरवते. प्रत्यक्षात एकाच गावात, केवळ एका बांधाच्या अंतरावर, शेणखताचा वापर, आधीचे पीक, मातीची खोली आणि पाण्याचा निचरा यांनुसार हा पुरवठा बराच बदलतो. माती परीक्षणाने हा फरक काही अंशी कळतो, परंतु सेंद्रिय पदार्थांतून पुढील तीन महिन्यांत किती नत्र मोकळे होईल हे त्या हंगामाच्या पावसावर व तापमानावर ठरत असल्याने पेरणीपूर्वीच्या नमुन्यातून त्याचा नेमका अंदाज बांधता येत नाही. ज्याच्या मुळांनी ते नत्र रोज शोषून घेतलेले असते, त्या उभ्या पिकाच्या पानात मात्र या सर्व घटकांची बेरीज आपोआप झालेली असते.

पानाच्या रंगावरून नत्र ओळखता येते याचे कारण त्याच्या रचनेत आहे. पानाला हिरवा रंग देणाऱ्या हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू आणि त्याभोवती नत्राचे चार अणू असतात. हरितद्रव्यात पानातील एकूण नत्राचा लहानसाच वाटा असला, तरी ते एकटे तयार होत नाही. प्रकाश पकडणाऱ्या आणि कार्बन डायऑक्साइड बांधणाऱ्या प्रथिनांच्या जोडीने ते घडते आणि त्यांच्याच जोडीने मोडते. त्यांपैकी रुबिस्को या एकाच विकरात भाताच्या पानातील नत्राचा सुमारे पाव हिस्सा गुंतलेला असतो, आणि हरितद्रव्य धारण करणाऱ्या हरितकणांत पानाचे बहुतांश नत्र सामावलेले असते. नत्र तुटू लागले की पीक जुन्या पानांतील प्रथिने मोडून ते कोवळ्या पानांकडे पाठवते, त्यामुळे खालची पाने आधी पिवळी पडतात आणि पाठोपाठ वरच्या पानांचा रंगही फिका होतो. पानातील नत्राचे थेट मोजमाप करायचे तर पान सुकवून, दळून प्रयोगशाळेत पाठवावे लागते आणि अहवाल येईपर्यंत खत देण्याची वेळ टळून जाते. हरितद्रव्य मात्र प्रकाशाच्या साह्याने, पान न तोडता, तिथल्या तिथे मोजता येते.

हरितद्रव्य सूर्यप्रकाशातील निळा व तांबडा भाग शोषते आणि हिरवा भाग तुलनेने अधिक परावर्तित करते. याच गुणधर्मावर आधारलेले हातात मावणारे यंत्र जपानमधील मिनोल्टा कंपनीने 1980च्या दशकात तयार केले आणि स्पॅड मीटर या नावाने ते जगभरच्या संशोधन केंद्रांत पोहोचले. चिमट्यासारख्या या यंत्रात पान धरले की 650 नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश आणि 940 नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश पानातून पलीकडे जातो. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग. तांबडा प्रकाश हरितद्रव्य शोषून घेते, तर अवरक्त प्रकाशाला ते जवळजवळ अडवत नाही. त्यामुळे दोहोंपैकी किती पलीकडे पोहोचला याची तुलना केली, की पानाच्या जाडीचा परिणाम बऱ्याच अंशी वजा होऊन हरितद्रव्याचे सापेक्ष प्रमाण एका अंकात मिळते. फिलिपिन्समधील लॉस बान्योस येथील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत झालेल्या प्रयोगांत लावणीच्या भातासाठी उन्हाळी हंगामात हा अंक 35 च्या खाली गेला की खत द्यावे असे दिसून आले; ढगाळ पावसाळी हंगामात ही मर्यादा 32 च्या आसपास ठेवावी लागली, तर पंजाबात 37.5 हा अंक योग्य ठरला. जाती, हवामान आणि प्रकाश यांनुसार मर्यादा बदलते, हे या तीन आकड्यांतूनच स्पष्ट होते.

यंत्र अचूक असले तरी त्याची किंमत लहान शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरची होती, म्हणून रंगाचे प्रमाण डोळ्यांनीच ठरवण्याचा दुसरा मार्ग विकसित झाला. त्याची सुरुवातही जपानमध्येच झाली. तेथील भातशेतीत पानाच्या रंगाशी ताडून पाहण्यासाठी रंगपट्ट्या वापरात आल्या, आणि 1990च्या दशकात आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने फिलिपिन्सच्या राष्ट्रीय भात संशोधन संस्थेबरोबर त्या कल्पनेतून आशियातील शेतकऱ्यांसाठी स्वस्त प्लॅस्टिकचा पर्णरंग तक्ता बनवला. आरंभीच्या तक्त्यात पिवळसर हिरव्यापासून गडद हिरव्यापर्यंत चढत्या क्रमाने सहा छटा होत्या. पुढे वेगवेगळ्या छापखान्यांतून निघालेल्या तक्त्यांचे रंग एकमेकांशी व खऱ्या पानाशी जुळत नाहीत हे लक्षात आल्यावर, भाताच्या पानांवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचे प्रत्यक्ष मोजमाप करून चार छटांचा प्रमाणित तक्ता तयार करण्यात आला. मानवी डोळा हिरव्या रंगातील सूक्ष्म फरक चांगले ओळखतो, पण काल पाहिलेली छटा आज आठवून तिच्याशी तुलना करणे त्याला जमत नाही. अनुभवी शेतकरीही पिकाचा रंग पाहूनच खताचा निर्णय घेत आला आहे. त्याच्या नजरेला न बदलणारे माप देणे हे या तक्त्याचे काम आहे.

तक्ता वापरण्याची रीत सोपी असली तरी तिच्यातील प्रत्येक अटीला कारण आहे. लावणीनंतर साधारण 14 दिवसांनी, म्हणजे रोपे सावरल्यावर, निरीक्षणाला सुरुवात करावी आणि फुलोरा सुरू होईपर्यंत दर सात ते दहा दिवसांनी ते करावे. शेतात फिरत बांधापासून आत, निरोगी अशी दहा रोपे कोणतीही निवड न करता घ्यावीत आणि प्रत्येक रोपाचे सर्वांत वरचे, पूर्ण उमललेले पान पाहावे, कारण कोवळे अर्धवट उलगडलेले पान मुळातच फिके असते आणि खालचे पान आपले नत्र वर पाठवत असते. पान न तोडता त्याचा मधला भाग तक्त्यावर ठेवून छटा जुळवावी. ती दोन छटांच्या मध्ये असेल तर सरासरी धरावी. थेट उन्हात पान चमकते आणि फिके भासते, म्हणून निरीक्षकाने पाठ सूर्याकडे करून स्वतःच्या सावलीत पान पाहावे, आणि शक्यतो एकाच व्यक्तीने दर वेळी दिवसाच्या त्याच सुमारास हे काम करावे. लुधियाना येथील पंजाब कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनुसार लावणीच्या भातात दहापैकी सहा किंवा अधिक पाने चार क्रमांकाच्या छटेहून फिकी आढळली, तर एकरी 25 किलो युरिया द्यावा, म्हणजे सुमारे 11.5 किलो नत्र. तशी आढळली नाहीत तर काहीच न देता पुढच्या निरीक्षणापर्यंत थांबावे. बासमतीसारख्या सुवासिक आणि मुळातच फिक्या पानांच्या जातींसाठी ही मर्यादा खालच्या छटेवर ठेवावी लागते.

या रीतीतील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे थांबण्याची मुभा. पान गर्द हिरवे असताना दिलेल्या जादा नत्राने उत्पादन वाढत नाही. काही मर्यादेनंतर पीक नत्र शोषत राहते, पण त्यातून हरितद्रव्य वा धान्य त्या प्रमाणात वाढत नाही. याला चैनीचे शोषण म्हणतात. अशा पिकाची पाने मऊ व लुसलुशीत होतात, खोड कमकुवत राहते, पीक लोळते, आणि तपकिरी तुडतुडे, करपा व पर्णकोष करपा यांना ते सहज बळी पडते. हरितद्रव्य वाढण्याचे थांबल्यानंतर पानाचा रंग आणखी गडद होत नसल्याने नत्र किती जास्त झाले हे तक्ता किंवा मीटर सांगू शकत नाही. ते पुरेसे आहे की अपुरे, एवढाच निवाडा ते देतात. सर्वांत हिरवे शेत हे सर्वांत चांगले शेत, ही समजूत त्यामुळेच टिकून राहते आणि तीच खताचा अतिवापर घडवून आणते.

फिकेपणाचे कारण नेहमी नत्राची कमतरताच असते असे मात्र नाही, आणि या बाबतीत तक्त्यावर आंधळा विश्वास ठेवणे महागात पडते. गंधकाच्या अभावी पीक पिवळे पडते, पण गंधक झाडात सहज हलत नसल्याने पिवळेपणा कोवळ्या पानांपासून सुरू होतो. लोहाच्या अभावी नवीन पानांच्या शिरांमधील भाग पांढुरका होतो व शिरा हिरव्या राहतात. महाराष्ट्रातील चुनखडीयुक्त जमिनींत हे लक्षण अनेक पिकांवर दिसते आणि तेथे युरिया देऊन काही साधत नाही. भातातील जस्ताच्या कमतरतेमुळे होणारा खैरा रोग लावणीनंतर थोड्याच आठवड्यांत पानांवर तांबूस तपकिरी ठिपके आणतो, तर हिरव्या तुडतुड्यांमुळे पसरणाऱ्या टुंग्रो विषाणूने पाने पिवळी-नारिंगी होतात. याच्या उलट स्फुरदाची कमतरता असलेले भाताचे रोप खुरटलेले असूनही गडद हिरवे दिसते, आणि केवळ रंग पाहणाऱ्याला ते नत्राने समृद्ध वाटते. म्हणून स्फुरद, पालाश आणि आवश्यक सूक्ष्म अन्नद्रव्ये माती परीक्षणानुसार दिलेली असणे आणि पीक रोगमुक्त असणे ही पर्णरंगाच्या मापनाची पूर्वअट आहे.

जाती व हवामान यांमुळे बदलणाऱ्या मर्यादेचा प्रश्न सोडवण्यासाठी मक्यात वेगळी युक्ती वापरली गेली. अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातील संशोधकांनी शेतातच एका पट्टीला भरपूर नत्र देऊन तिला संदर्भ मानले आणि बाकीच्या शेतातील मीटरचा अंक त्या पट्टीच्या अंकाच्या किती टक्के आहे हे पाहण्याची पद्धत घातली. या टक्केवारीला पुरेपणा निर्देशांक म्हणतात आणि तो 95 च्या खाली गेला की नत्र द्यावे असा संकेत रूढ झाला. पट्टी व शेत यांची जात, माती, पाऊस आणि ऊन एकच असल्याने उरणारा फरक बहुतांशी नत्राचाच असतो. भारतात मक्यासाठी तक्त्याची मर्यादा भातापेक्षा वरची, सहा छटांच्या तक्त्यातील पाच क्रमांकाच्या छटेची, ठरवण्यात आली आहे. गव्हात निर्णयाचे स्वातंत्र्य आणखी कमी असते. तेथे युरिया पाण्याच्या पाळीबरोबरच दिला जात असल्याने पानाचे निरीक्षणही पाळीच्या वेळापत्रकाशी जुळवावे लागते, आणि पेरणीनंतर सुमारे 21 दिवसांनी, मुकुटमुळे फुटण्याच्या अवस्थेत येणारी पहिली पाळी ही रंगावरून काही ठरवण्यास फार लवकरची असते.

एकेक पान पाहण्याऐवजी संपूर्ण पीक एकदम मोजणारी साधनेही आता उपलब्ध आहेत. ओक्लाहोमा राज्य विद्यापीठातील संशोधनातून पुढे आलेला ग्रीनसीकर हा संवेदक पिकावर स्वतःच प्रकाश टाकतो आणि परत आलेल्या तांबड्या व अवरक्त प्रकाशाच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागून एक निर्देशांक देतो, ज्याला एनडीव्हीआय म्हणतात. त्यात पानाच्या रंगाबरोबर पिकाने जमीन किती झाकली आहे याचाही समावेश असतो, म्हणून विरळ पण हिरवे पीक आणि दाट पण फिके पीक यांत तो सहज भेद करीत नाही. आणि पीक पूर्ण दाटले की तो वाढायचे थांबतो. युरोपीय अवकाश संस्थेच्या सेंटिनेल-2 मालिकेतील पहिला उपग्रह 2015 मध्ये अवकाशात गेला, आणि त्याच्या कॅमेऱ्यांत तांबड्या व अवरक्त यांच्या सीमेवरील प्रकाशाच्या पट्ट्या असल्याने दाट पिकातील हरितद्रव्याचा अंदाज अधिक चांगला घेता येतो. दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी तेच शेत पाहू शकतात, परंतु प्रकाशावर चालणारे हे कॅमेरे ढगांच्या पलीकडे पाहू शकत नाहीत. कोकणात भाताला वरखताची गरज असते तो काळ नेमका आकाश झाकलेल्या जुलै-ऑगस्टचा, त्यामुळे तेथे पिकात उभे राहून पात्याशी जुळवलेला प्लॅस्टिकचा तक्ताच अधिक भरवशाचा ठरतो.

महाराष्ट्रात भाताचे दोन मोठे पट्टे आहेत: एक कोकणाचा आणि दुसरा भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या पूर्व विदर्भातील जिल्ह्यांचा. कोकणात मुसळधार पावसामुळे खाचरातील पाणी बांधावरून वाहत असताना फेकलेला युरिया त्या पाण्याबरोबर निघून जातो, म्हणून पान फिके दिसले तरी पाऊस ओसरून पाणी बांधता येईपर्यंत थांबणे शहाणपणाचे असते. याच परिस्थितीला उत्तर म्हणून डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेल्या चारसूत्री भातलागवडीत पिकाच्या अवशेषांचा फेरवापर, गिरिपुष्पाच्या पाल्याचे हिरवळीचे खत, नियंत्रित अंतरावर लावणी आणि चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीच्या गोळ्या खोल खोचणे या चार गोष्टी एकत्र आणल्या. चिखलाच्या प्राणवायूविरहित थरात अमोनियम टिकून राहते आणि वरच्या पाण्यात न मिसळल्याने ते उडूनही जात नाही. अशा शेतात वरखताचे हप्ते देण्याचा प्रश्न बहुधा उरत नाही; तेथे तक्ता गोळ्यांचा परिणाम तपासण्याचे साधन म्हणून वापरता येतो. जेथे मजुरांच्या टंचाईमुळे गोळ्या खोचणे शक्य नसते आणि युरिया फेकूनच द्यावा लागतो, तेथे मात्र प्रत्येक हप्त्यापूर्वी पानाचा रंग पाहणे हाच अपव्यय टाळण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

हा अपव्यय केवळ शेतकऱ्याच्या खिशाचा प्रश्न नाही. झिरपलेले नायट्रेट विहिरींत व कूपनलिकांत उतरते. पिण्याच्या पाण्यात त्याचे प्रमाण लिटरमागे 45 मिलिग्रॅमहून अधिक असू नये असे भारतीय मानक सांगते, कारण त्याहून जास्त नायट्रेट तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटवू शकते. विनत्रीकरणात निघणारा नायट्रस ऑक्साइड हा वायू शंभर वर्षांच्या काळात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 273 पट तापमानवाढ घडवतो. सरकारी अनुदानामुळे युरियाची गोणी इतर खतांच्या तुलनेत अतिशय स्वस्त मिळते, आणि त्या स्वस्ताईत नत्र वाचवण्याची प्रेरणा क्षीण होते. स्फुरद व पालाश महाग वाटतात म्हणून कमी पडतात आणि युरिया मात्र सढळ हाताने पडतो. 2015 पासून देशातील युरियाला निंबोळीच्या तेलाचे आवरण देणे सक्तीचे झाले, ज्यामुळे अमोनियमचे नायट्रेट बनण्याचा वेग मंदावतो. परंतु आवरण फक्त नत्राची हानी कमी करू शकते. नत्र किती द्यायचे आणि केव्हा द्यायचे नाही, हा निर्णय आवरणाच्या हाती नसतो.

तो निर्णय घेण्यासाठी लागणारे ज्ञान तयार आहे आणि साधनही स्वस्त आहे. कमतरता आहे ती तक्ता स्थानिक जातींशी पडताळून घेण्याची आणि तो बांधापर्यंत पोहोचवण्याची. कर्जतच्या किंवा साकोलीच्या भात संशोधन केंद्रांतून प्रसारित होणाऱ्या प्रत्येक नव्या जातीबरोबर तिच्या पानाची मर्यादा-छटाही जाहीर झाली, कृषी सहायकाने शेतकऱ्यासमवेत निदान एक हंगाम दहा-दहा पाने मोजून पाहिली, आणि शेजारी-शेजारी दोन वाफ्यांत, एकात नेहमीच्या तारखांनुसार व दुसऱ्यात पानाच्या रंगानुसार खत देऊन मळणीच्या वेळी दोन्हींचे धान्य तोलले, तर शेतकऱ्याला कोणाच्याही शब्दावर विसंबावे लागणार नाही. वाचलेली गोणी आणि न घटलेले उत्पादन हा पुरावा त्याच्या स्वतःच्या खळ्यावर असेल, आणि पुढील हंगामी युरिया टाकण्यापूर्वी पीक पाहण्याची सवय त्या पुराव्यातूनच रुजेल.